मामांच्या पेटीतले पाइप-तंबाखूचे डबे : कुठला ओढू, कुठला ठेवू?

फोंड्याचा_नवखा

नमस्कार मंडळी. पाइप ओढणाऱ्यांपैकी कोणी गोव्यातलं, निदान कोकणपट्टीतलं असेल तर जरूर उत्तर द्या. परदेशी साइटींवर वाचतो ते सगळं थंड देशांतल्या तळघरांबद्दल असतं. आमच्याकडे जमिनीखाली काय, तर विहीर.

माझे मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर कवळ्याला घर बांधून राहिले, गेल्या वर्षी वारले. मामी आता मुलीकडे पुण्याला निघाली आहे. घर आवरताना त्यांची बोटीवरची पत्र्याची पेटी निघाली. मामी म्हणाली, "मामाचं हे एक व्यसन तुझ्यातच उतरलंय, तूच ने. नाहीतर भंगारवाल्याला घालते." पेटीत स्वेटरांखाली तंबाखूचे डबे, बहुतेक न उघडलेले.

आहे ते असं. कॅपस्टनचे निळे डबे, एरिनमोर फ्लेक, एस्कुडो, डनहिलचे 'माय मिक्श्चर ९६५' आणि 'नाइटकॅप', सॅम्युअल गॅविथचा फुल व्हर्जिनिया फ्लेक (याच्या कडेला गंज धरलाय), आणि बोर्कम रिफची पाकिटं, चेरी आणि व्हिस्की वासाची. शिवाय रबराची रिंग असलेली एक काचेची बरणी. तिच्यावर मामांच्या अक्षरात चिठ्ठी, 'सेंट जेम्स, जाने. २०११'. आत काळपट तपकिरी चपट्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके. बुरशी असेल तर टाकून देतो, पण मन होत नाही.

मी आजवर मुंबईहून कोणी आणून दिलेल्या कॅप्टन ब्लॅक या गोड वासाच्या तंबाखूवरच आहे. जुना तंबाखू मुरतो म्हणतात ते कितपत खरं? आणि घर चिरेबंदी, पावसाळ्यात भिंतींना ओल, अशा घरात तो ठेवावा कसा? सगळे डबे बघायची घाई झालीय, चवथीच्या सुट्टीत एकेक उघडावा म्हणतो.

बंदरवाला, वास्को

नवखेबाब, चवथीला माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधा, डबे उघडू नका.

मामा इंजिनिअर होते हे तुम्ही लिहिलं नसतं तरी मी ओळखलं असतं. बरणीवर महिना लिहिणारा माणूस, आणि महिना कोणता तर जानेवारी! पणजीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या काळात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर मुक्काम ठोकते. तंबाखूचं पान हवेतली ओल घेतं आणि कोरड्या हवेत परत सोडतं. ६०-६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिलं तर ओढायला बरोबर होतं, ७५ च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी ठरलेली. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारची आमची हवा आपोआप साठीच्या घरात येते. वर्तमानपत्रावर फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या तंबाखूच्या पट्ट्या, पसरा, दोन-तीन तास ठेवा, बरणी भरा, झाकण लावा. काही यंत्र-तंत्र लागत नाही. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मीठ-मिरची मे महिन्यात भरतात, तंबाखू त्याच्या आधी भरून झालेला हवा.

आता मुरण्याचं. मुरते ती साखर. व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर असते. बंद डब्यात ती आणि पानातली इतर द्रव्यं हळूहळू एकमेकांवर काम करतात, सुरुवातीला आतल्या थोड्याशा हवेच्या मदतीने, मग हवेशिवाय. ताज्या व्हर्जिनियाला गवताचा, लिंबाच्या सालीचा वास असतो आणि जिभेला चटका बसतो. पाच वर्षांनी तोच काळवंडतो, चटका जातो, मनुका आणि अंजिराचा वास येतो. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत फरक झपाट्याने पडतो, पुढे सावकाश. बर्ली या दुसऱ्या जातीत साखर नावालाच, त्यामुळे तो फारसा बदलत नाही. लाटाकिया हा धुरी दिलेला तंबाखू. त्याचा धूर काळाबरोबर मवाळ होतो, काहींना ते आवडतं, मला नाही. आणि वरून वास मारलेले, चेरी, व्हॅनिला, व्हिस्की, यांना ठेवण्यात काही अर्थच नाही. वास उडतो आणि उरतो तो चिकट, बेचव पाला.

यावरून तुमची पेटी लावून देतो. बोर्कम रिफची पाकिटं आधी. पाकीट म्हणजे सील नव्हे, ती बहुधा वाळून पाचोळा झाली असतील. डनहिलचे दोन्ही लाटाकियावाले आहेत. डनहिलने २०१८ मध्ये पाइप-तंबाखू बंद केला आणि तीच मिश्रणं आता पीटरसनच्या नावाने निघतात, त्यामुळे जुन्या नावाच्या डब्यांना परदेशात शौकीन हौसेने भाव देतात. तुम्ही विकणार नाही हे गृहीत धरतो. नाइटकॅप येत्या हिवाळ्यात संपवा. ९६५ मध्ये कॅव्हेंडिश, म्हणजे वाफवून दाबलेला तंबाखूही आहे, तो एखाद-दुसरं वर्ष थांबला तरी बिघडणार नाही. कॅपस्टन आणि एस्कुडो, या दोघांना हात लावू नका. कॅपस्टन म्हटलं की आपल्याकडे लोकांना बिनफिल्टरची सिगारेट आठवते, पण डब्यातला नेव्ही कट ही वेगळीच चीज आहे. निळा म्हणजे मूळ, सौम्य तो सोनेरी डब्यातला. माझा सर्वांत आवडता तंबाखू कुठला विचाराल तर हाच, सात-आठ वर्षं बंद राहिलेला, सकाळी पाव आणायला निघताना. एस्कुडो म्हणजे व्हर्जिनियाच्या दोरात थोडा पेरीक गुंडाळून त्याच्या चकत्या कापलेल्या. पेरीक येतो अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातून. पिंपात दाबून आंबवतात, मिरी आणि कुजकट फळ असा काहीतरी वास. नुसता ओढवत नाही, मिश्रणात मीठ घातल्यासारखं काम करतो.

म्हणजे तुमच्या बरणीवरच्या चिठ्ठीचा उलगडा झाला. तो सॅम्युअल गॅविथचा सेंट जेम्स फ्लेक असणार, इंग्लंडातल्या केंडल गावचा, व्हर्जिनिया आणि पेरीक. ही कंपनी १७९२ ची. त्यांचा माल मुळात ओलसर येतो आणि म्हणूनच मामांनी तो जानेवारीत सुकवून बरणीत भरला असेल.

पांढऱ्या ठिपक्यांवरून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. बरणी न उघडता टॉर्च तिरका मारा, भिंग असेल तर लावा. मुरलेल्या फ्लेकवर कधी कधी स्फटिक धरतात. ते पानाला चिकटून सपाट असतात, उजेडात चमकतात. बुरशी वर उठते, तिला लव असते, ती जाळं करते, चमकत नाही. मग नाक. फळाचा, थोडा आंबूस, शिरक्यासारखा वास आला तर उत्तम. ओल्या पोत्याचा, बंद पडलेल्या खोलीचा वास आला तर अख्खी बरणी फेका. वरचं काढून खालचं ओढू, असला काटकसरी विचार करू नका.

बंद डब्यांना एक सोपी परीक्षा. कानाशी धरून हलवा. जड, गप आवाज आला तर आतली ओल शाबूत आहे. कुळीथ हलवल्यासारखा खडखडला तर सील गेलंय. गोल डब्यांचं झाकण मध्ये किंचित खाली ओढलेलं दिसलं तर निर्वात टिकलंय. चौकोनी डब्यांचं सील गोल डब्यांइतकं टिकत नाही, त्यामुळे तुमचा तो गंजलेला गॅविथ मला जास्त काळजीचा वाटतो.

निपाणीकर

बंदरवाल्या काकांनी साखरेचं सांगितलं ते शंभर टक्के. थोडी भर घालतो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूच्या वखारीवर गेल्या.

सगळ्या पानांत सुरुवातीला स्टार्च असतोच. कोणाची साखर टिकते ते पान कसं वाळवलं त्यावर ठरतं. व्हर्जिनिया बंद भट्टीत वाळवतात. आपल्याकडे हुणसूर, पिरियापट्टणच्या बाजूला आणि आंध्रात प्रकाशम, गोदावरी जिल्ह्यांत हेच पीक. चुलाणात लाकूड जळतं, पण धूर पानाला लागू देत नाहीत, लोखंडी नळ्यांतून नुसती उष्णता फिरते. आधी पस्तीस-अडतीस अंशांवर पान पिवळं करतात. या वेळात स्टार्चची साखर होते. मग एकदम पाणी काढून टाकतात म्हणजे पान मरतं आणि साखर जागेवर राहते. शेवटी शिरा वाळवायला सत्तर अंशांपर्यंत. पाच ते सात दिवसांत खेळ खलास. रात्री उठून थर्मामीटर बघावा लागतो, पिवळं करण्यात चुकलं तर पान हिरवटच राहतं आणि लिलावात प्रत घसरते.

बर्ली सावलीत टांगून वाळतो, महिना-दोन महिने. पान इतका वेळ जिवंत राहतं की स्वतःचीच साखर खाऊन टाकतं. मग मुरायला उरणार काय? आमचा निपाणीचा विडीचा तंबाखू तर उन्हात जमिनीवर वाळतो, तो कडक. कोणी सांगितलं 'पाइपमध्ये घालून बघ', तर घालू नका. घसा धरेल.

एका बाबतीत मात्र गोव्याचा फायदाच आहे. उष्णतेने या क्रिया वेगाने होतात, ढोबळ हिशेब असा की दहा अंशांमागे दुप्पट. इंग्लंडातल्या पंधरा अंशांच्या तळघरात जे पाच वर्षांत होतं ते तुमच्या अठ्ठावीस अंशांच्या कपाटात बरंच आधी होईल. फक्त पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे चाळीस होतात, तिथे तंबाखू मुरत नाही, शिजतो.

मिरामारची_वहिनी

मी ओढत नाही, आमच्यांचं सहन करते. पण एक सांगते कारण पुरुष हे लिहिणार नाहीत. हे डबे स्वयंपाकघरात किंवा सामानाच्या खोलीत नका ठेवू. तंबाखूला जो बारीक तपकिरी किडा लागतो तोच धणे, हळद, सुक्या मिरचीत होतो. आमच्याकडे भेट आलेल्या चिरुटांच्या खोक्यातून आला की माझ्या मिरचीतून त्यांच्या खोक्यात गेला, यावर अजून वाद मिटलेला नाही. मिरच्या मी फेकल्या, खोका त्यांनी नाही फेकला. बंद काचेत किडा शिरत नाही, म्हणून काचच बरी.

आणि बरणी लोणच्याची असेल तर रबर बदला. हिंग-मोहरीचा वास रबरातून सात जन्म जात नाही.

तेवढं आत धूर घेत नाही म्हणून काही होत नाही, असं आमचे म्हणतात तसं तुम्ही म्हणू नका. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. बाकी तुमची मर्जी.

मडगावचा_बर्ली

मला या मुरवण्याच्या धर्माचं थोडं हसू येतं. तंबाखू तयार करणाऱ्याने मुरवून, दाबून, कापूनच डब्यात भरलेला असतो. त्याला वाटलं की आता ओढण्याजोगा झाला, तेव्हाच त्याने डबा बंद केला. आपण त्याच्यावर दहा वर्षं शहाणपणा करायचा? लाटाकियाचं मिश्रण तर ताजंच. ताज्या नाइटकॅपमध्ये पावसात भिजलेल्या होळीच्या राखेचा जो वास असतो, तो गेल्यावर त्याला नाइटकॅप कशाला म्हणायचं? आणि बर्लीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा साधा प्रिन्स अल्बर्ट, बर्लीचाच, मक्याच्या कणसाच्या पाइपमध्ये ओढून बघावा. आज उघडा, आज ओढा, उद्या तसाच.

नवखे, मामांनी ठेवले ते बहुतेक ओढायचे राहिले म्हणून. तुम्हीही ठेवून द्याल, मग तुमचा भाचा इथे प्रश्न विचारेल.

बंदरवाला, वास्को

बर्ली बाब, लाटाकियाबद्दल तुमचं-माझं एकमत आहे, म्हणूनच नाइटकॅप आधी संपवा म्हटलं. व्हर्जिनियाबद्दल नाही. कारखानदार डबा बंद करतो तो विकायचा असतो म्हणून, गोदामात पैसा अडकतो. अमेरिकेतल्या मॅक्लेलँड कंपनीचा व्हर्जिनिया ताजा उघडला की टोमॅटो सॉससारखा वास यायचा, लोक नाक मुरडायचे, दोन-तीन वर्षांनी तेच लोक डबे शोधत फिरायचे. २०१८ मध्ये ती कंपनीच बंद झाली, आता शोधा. भाच्याबद्दलचं मात्र तुमचं खरं आहे. दरवर्षी एक उघडावा, एक ठेवावा.

निपाणीकरांचा माळ्याचा सल्ला लाखमोलाचा. चिरेबंदी घरात मधल्या खोलीतलं लाकडी कपाट, खालचा खण, पण जमिनीला टेकवू नका आणि बाहेरच्या भिंतीला लावू नका. बरण्या छोट्या घ्या, पाव लिटरच्या. त्यात एक पन्नास ग्रॅमचा डबा बसतो. मोठ्या बरणीत सगळं भरलं की दर खेपेला उघडणार आणि पावसाळ्यात दर खेपेला ढग आत घेणार. बरणी उकळून उन्हात वाळवा, आत पाण्याचा थेंब राहायला नको. प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, त्यांतून वासही जातो आणि ओलही येते.

फोंड्याचा_नवखा

सगळ्यांचे खूप आभार. वहिनी, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, आता माझी काही खैर नाही.

टॉर्च मारला. शेजारच्या मुलाचं शाळेचं भिंग आणलं. ठिपके सपाट आहेत आणि बारीक साखरेसारखे चमकतात, लव कुठेही नाही. त्यावर धीर करून, एसी लावलेल्या खोलीत, रबराची रिंग ओढली. झाकण घट्ट बसलं होतं, सुरीच्या टोकाने हवा आत घेतली तेव्हा सुटलं. वास आधी शिरक्याचा, मग अक्षरशः काळ्या मनुकांचा. एक पट्टी काढून लगेच बंद केलं. पट्टी हातात मऊ होती, तुटली नाही. चोळून भरली, पेटायला वेळ लागला. चटका नाहीच. अर्ध्यानंतर मिरीसारखं काहीतरी नाकात आलं तो पेरीक असावा. कॅप्टन ब्लॅक ओढताना मी दर दोन मिनिटांनी पाणी प्यायचो, इथे पाण्याची आठवण झाली नाही. डोकं मात्र थोडं गरगरलं.

बोर्कम रिफची पाकिटं खरंच पाचोळा झाली आहेत. चेरीला वासच नाही. कॅपस्टन आणि एस्कुडो जड वाजतात. नाइटकॅप एक जड, एक खडखडतो. गंजलेल्या गॅविथचा आवाज मधलाच कुठला तरी. गंज बाहेरून कडेला आहे, आत आलाय की नाही कळत नाही. त्याचं काय करू? आणि खडखडणारा नाइटकॅप गेला का? कोणी म्हणालं, बटाट्याची फोड टाका, ओला होतो.

बंदरवाला, वास्को

बटाटा भाजीत. बटाटा, सफरचंद, संत्र्याची साल, सगळ्यांनी बुरशी येते.

खडखडणारा नाइटकॅप गेलेला नाही, तहानलेला आहे. आणि त्यासाठी ऑगस्टसारखा महिना नाही. बशीत पसरा, वर पातळ फडका टाका आणि बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, ठेवा, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत असा. तासातासाने चिमटीत दाबून बघा. कुरकुरणं थांबलं आणि पान दबून हळूच उलगडलं की आत घ्या. दोन-चार तास पुरतात. रात्रभर विसरू नका. वास थोडा कमी झालेला असेल, पण ओढण्याजोगा होईल. बोर्कमवर मेहनत घेऊ नका. ओल परत येते, चेरी येत नाही.

गॅविथ आत्ताच उघडा, एसीच्याच खोलीत. समुद्रावरून येणारी खारी हवा पत्र्याला कडेकडेने खाते आणि टाचणीएवढं भोक पडलं तरी निर्वात संपला. आत कडेच्या पानांवर तांबूस डाग दिसले तर तेवढा भाग कापून टाका, बाकी वासावर ठरवा. चांगला असेल तर छोट्या बरणीत घालून तारीख लिहा. फुल व्हर्जिनिया फ्लेक आहे तो, अजून वीस वर्षं थांबेल. एरिनमोर राहिला होता सांगायचा. मूळचा बेलफास्टचा, त्याला वरून अननसासारखा वास दिलेला असतो. खाली व्हर्जिनिया आहे म्हणून मुरतो, पण अननस कमी होत जातो. तुम्ही कॅप्टन ब्लॅकवरून येताय, तुम्हाला तो आवडेल, तोच रोजचा करा.

गरगरलं ते निकोटिनने. पोटात काहीतरी घालून बसा, पाइप छोटा घ्या आणि सावकाश ओढा. पुढे कोणी परदेशातून येणार असेल तर लक्षात ठेवा, माणशी १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू विनाशुल्क आणता येतो. म्हणजे पन्नासचे दोन डबे, तिसरा नाही. दाबोळी असो नाहीतर मोपा. दोनच आणायला सांगणार असाल तर दोन्ही फ्लेक सांगा.